नेटवर्किंगमध्ये शाखा निवडताना: रात्री तीनला कोणतं टिकीट उघडाल?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सोलापूरकडचे, ईअँडटीसीचं बीई. अडीच वर्षं नवी मुंबईत एका इंटरनेट सेवा कंपनीच्या एनओसीत (नेटवर्कवर नजर ठेवून बिघाडाची टिकिटं, म्हणजे तक्रारी, हाताळणाऱ्या केंद्रात) फिरत्या शिफ्टमध्ये आहात, सीसीएनए (सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं सुरुवातीचं प्रमाणपत्र) झालंय. कंपनीतच फायरवॉल (नको ती वाहतूक अडवणारी यंत्रणा) सांभाळणाऱ्या टीममध्ये एक जागा निघाली आहे, तीही दिवसपाळीची, आणि शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. मित्र म्हणतात, सिक्युरिटीला मरण नाही. एका क्लासवाल्याने क्लाउड आणि सिक्युरिटीचा एकत्र कोर्स दीड लाखाला सांगितलाय. तुम्हाला स्वतःला राउटिंग (माहितीला नेटवर्कमधून रस्ता दाखवायचं काम) आवडतं, पण ‘ते आता जुनं झालं का?’ अशी धास्ती आहे.

मी या कामात बावीस वर्षं आहे. पहिली दोन वर्षं पुण्यातल्या ऑफिसांच्या फॉल्स सीलिंगमध्ये डोकं घालून केबल ओढल्या. मग बँकांच्या शाखांची नेटवर्कं, मग डेटा सेंटर. आता डिझाइन करतो आणि मुलाखती घेतो. त्यामुळे खालच्या मजकुरात माझे पूर्वग्रह भरपूर आहेत, ते वजा करून वाचा.

मी लागलो तेव्हा ज्याला फ्रेम रिले आणि आयएसडीएन या तेव्हाच्या जोडण्यांच्या पद्धती येतात त्याला टीममध्ये मान होता. दोन्हींचं कन्फिग मला आजही पाठ आहे, फक्त ते विचारणारा माणूस उरलेला नाही. सिस्कोने २४ फेब्रुवारी २०२० ला सीसीएनएच्या सिक्युरिटी, वायरलेस, डेटा सेंटर, कोलॅबरेशन वगैरे वेगवेगळ्या शाखा गुंडाळून एकच २००-३०१ परीक्षा ठेवली. एक दिवस आधीपर्यंत लोक बायोडेटात ‘सीसीएनए वायरलेस’ लिहून शाखा ठरवून बसले होते. ज्यांच्याकडे फक्त त्या कागदाची ओळख होती त्यांची पंचाईत झाली. जे खरोखर गोदामात शिडीवर चढून वायफायचे ॲक्सेस पॉइंट हलवत होते त्यांना काही फरक पडला नाही.

तंत्रज्ञान असं कात टाकत राहतं. बिघाडाची जात मात्र फारशी बदलत नाही. प्रत्येक शाखेत एका विशिष्ट जातीचा बिघाड रोज समोर येतो, आणि तो शोधताना तुमचं डोकं चालतं की उठतं, एवढंच शाखा निवडताना पाहायचं असतं असं माझं मत आहे. मुलाखतीतही मी हेच विचारतो: तुम्ही शोधलेला सगळ्यात छळणारा बिघाड सांगा. उत्तर देताना माणूस कुठे खुलतो ते ऐकलं की त्याला कोणत्या टीममध्ये घ्यायचं ते बहुतेक वेळा कळतं.

तुमच्या प्रश्नात अशी एक जागा आहे, आणि ती तुम्ही कंसात टाकून पुढे गेलात. एका ग्राहकाच्या शाखेतून मोठ्या अटॅचमेंटची मेल जात नव्हती, पिंग (पलीकडे पोचतंय का हे पाहणारं छोटं पॅकेट) व्यवस्थित होतं, सकाळच्या शिफ्टवाल्याला हँडओव्हर देऊनही तुम्ही दोन तास थांबलात आणि एमटीयूची, म्हणजे पॅकेटच्या कमाल लांबीची, भानगड आहे हे शोधूनच घरी गेलात.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण हा बिघाड शिकण्यासारखा आहे. इथरनेटवर (ऑफिसातल्या वायरच्या नेटवर्कवर) एका पॅकेटची, म्हणजे माहितीच्या एका तुकड्याची, कमाल लांबी साधारण १५०० बाइट. शाखेपासून मुख्यालयापर्यंत आयपीसेक टनेल (माहिती कुलूपबंद करून नेणारी वाट) असेल तर त्याचं वेष्टण प्रत्येक पॅकेटला लागतं, म्हणून आतल्या मालाला जागा उरते चौदाशेच्या आसपास. साधं पिंग शंभरेक बाइटचं. ते आरामात जातं आणि सगळे म्हणतात ‘लिंक अप आहे’. मोठी फाइल निघाली की सर्व्हर पूर्ण भरलेली पॅकेटं सोडतो, वर ‘तुकडे करू नका’ असा शिक्का. टनेलच्या तोंडाशी राउटर ते पॅकेट टाकून देतो आणि सर्व्हरला आयसीएमपीने (नेटवर्कमधले निरोप आणि पिंग ज्यातून जातात त्या पद्धतीने) निरोप पाठवतो, ‘मावत नाही, लहान पाठव’. मध्ये कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली फायरवॉलवर पिंग सोडून बाकीचं आयसीएमपी सरसकट बंद केलेलं असतं. निरोप पोचत नाही. सर्व्हर तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. वापरणाऱ्याला दिसते फक्त फिरणारी चकती.

घोडं कुठे पेंड खातंय ते एका मिनिटात कळतं: पिंगला १४७२ चा आकार द्या आणि तुकडे न करण्याचा पर्याय लावा. १४७२ अधिक २८ बाइटचं हेडर मिळून बरोबर १५००. ते अडलं आणि १३०० चं गेलं की समजायचं. तात्पुरता उपाय म्हणजे टनेल इंटरफेसवर एमटीयू १४०० आणि टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या मालाची मर्यादा) १३६० करणं. खरा उपाय म्हणजे तो आयसीएमपीचा निरोप जाऊ देणं.

आता यात गंमत अशी की हा बिघाड राउटिंगच्या आणि फायरवॉलच्या बरोबर शिवेवर बसलाय. ही गोष्ट शेवटी पुन्हा लागेल.

सर्व्हिस प्रोव्हायडरची, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या राउटिंगची, शाखा तुम्हाला खुणावतेय, तर आधी तिच्याबद्दल बोलू. इथला बिघाड म्हणजे ‘रस्ता चुकला’ या जातीचा. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन शंभर किलोमीटरला एक मिलिसेकंद, एवढा हिशोब डोक्यात पक्का ठेवा. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरलं तर दीड मिलिसेकंद, उपकरणं आणि वळणं धरून तीन-चार. ग्राहक म्हणतो पंचवीस-तीस येतंय, तर लिंक ‘स्लो’ नाही, पॅकेट बहुधा चेन्नईला जाऊन येतंय. मग ते कुणाच्या सांगण्यावरून तिकडे गेलं हे बीजीपीमध्ये (इंटरनेट कंपन्या एकमेकींना रस्ते सांगतात त्या पद्धतीत) शोधत बसायचं. या कामात मला अजूनही मजा येते.

पण इथे चूक फार लांब जाते. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमला सरकारी आदेशानुसार यूट्यूब फक्त देशात बंद करायचं होतं. त्यासाठी त्यांनी यूट्यूबच्या /२२ या पत्त्यांच्या मोठ्या गटामधला एक /२४, म्हणजे लहान गट, स्वतःकडे वळवला, आणि ‘हे पत्ते आमच्याकडे’ ही जाहिरात चुकून बाहेर पडली. त्यांना इंटरनेट पुरवणाऱ्या वरच्या कंपनीने ती गाळली नाही. बीजीपीत जास्त नेमका पत्ता जिंकतो, म्हणून जगभरचे राउटर यूट्यूब शोधत पाकिस्तानात जायला लागले. सुमारे दोन तास. त्याच वर्षी ३० जानेवारीला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या होत्या आणि भारताची पश्चिमेकडची वाट अरुंद झाली होती. तेव्हा मी ज्या बँकेचं काम बघत होतो तिच्या विदेशी शाखा आठवडाभर रडत होत्या आणि मी काहीही करू शकत नव्हतो. या शाखेत हा भागही येतो. बिघाडाचं कारण शंभर टक्के माहीत असतं, बोटही लावता येत नाही, आणि ग्राहकाला दर तासाला फोन करायचा असतो. ज्याला असहायता सहन होत नाही त्याने इथे येऊ नये.

‘जुनं झालं का?’ याचं उत्तर: एमपीएलएसचे (टेलिकॉम कंपनीच्या खास वाटांचे) शाखा-लिंक कमी होतायत, त्यांची जागा एसडी-वॅन (साध्या इंटरनेटवरूनही सॉफ्टवेअरने शाखा जोडणं) घेतंय, हे खरं. पण बीजीपी १९८९ पासून आहे आणि आज तर ते डेटा सेंटरच्या आतही शिरलंय. वर्सोव्याला समुद्राखालच्या केबल उतरतात, महापे-रबाळे-ऐरोलीच्या पट्ट्यात डेटा सेंटरं उभी राहतायत, कंपन्यांची नेटवर्कं एकमेकांना जोडणारी एक्स्चेंजेस मुंबईत आहेत. तुम्ही राहता तिथून लोकलने पोचण्याइतक्या अंतरावर देशाच्या इंटरनेटचा मोठा भाग आहे. ही शाखा निवडायची तर याहून बरी जागा भारतात नाही. नोकऱ्या मोजक्या आहेत हेही सांगतो. पण जे चांगले आहेत ते एकमेकांना नावाने ओळखतात, आणि जागा बरेचदा फोनवरच भरतात.

सिक्युरिटी. मित्रांना एकदा विचारा, सिक्युरिटी म्हणजे नक्की काय? एसओसीत (सुरक्षेवर नजर ठेवणाऱ्या केंद्रात) बसून अलर्ट बघणारा, फायरवॉल सांभाळणारा आणि परवानगी घेऊन घुसखोरी करून दाखवणारा, हे तीन वेगळे धंदे आहेत, त्यांना लागणारी डोकी वेगळी. तुमच्यासमोर आहे ते फायरवॉलचं काम. त्याचा रोजचा रंग असा: शुक्रवारी संध्याकाळी सहाला मेल येते, ‘अर्जंट, हा पोर्ट उघडा, सोमवारी गो-लाइव्ह आहे’. कुणाला, कुठून, किती दिवस, याचं उत्तर पाठवणाऱ्यालाच माहीत नसतं. तुम्ही विचारत बसता. ॲप्लिकेशन चाललं नाही की ब्रिज कॉलवर (सगळ्या टीमच्या एकत्र कॉलवर) पहिलं वाक्य ठरलेलं, ‘फायरवॉल ब्लॉक करतंय का बघा’. दहातल्या आठ वेळा नसतं, पण तसं सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर. पॅकेट कॅप्चर (गेल्या-आलेल्या पॅकेटांची नोंद) काढून दाखवायचं की हे बघा, तुमच्या सर्व्हरनेच रिसेट (जोडणी तोडायचा निरोप) पाठवलाय.

मग ऑडिट. कार्डाचे व्यवहार असतील तर पीसीआय डीएसएस हे कार्ड-सुरक्षेचं मानक दर सहा महिन्यांनी फायरवॉलचे नियम तपासायला लावतं. सर्ट-इनच्या (सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. म्हणून या शाखेत मागणी टिकून आहे, मित्र चुकीचं सांगत नाहीत. फक्त ती मागणी कागद सांभाळणाऱ्या, भांडण न करता ‘नाही’ म्हणू शकणाऱ्या, आणि तीन वर्षांपूर्वी कुणी कशासाठी उघडलेला नियम आहे ते खोदून काढणाऱ्या माणसाला आहे. मला विचाराल तर मी फायरवॉलमध्ये दीड वर्ष होतो आणि पळालो. माझ्याबरोबर बसणारी मुलगी आज एका मोठ्या बँकेत त्या विभागाची प्रमुख आहे. तिला जुने नियम साफ करण्यात तोच आनंद मिळायचा जो काहींना दिवाळीआधी माळा आवरण्यात मिळतो.

क्लाउड नेटवर्किंगचं थोडक्यात सांगतो. इथे हात लावायला खोकं नाही. ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम मारलेली हाक) नाही, एलटूची (स्विचच्या थराची) तुमची निम्मी विद्या कामाची नाही. पत्त्यांचं नियोजन मात्र सोन्याच्या भावाचं. मी पाहिलेली अर्धी क्लाउड संकटं एकाच मुळाची होती: डेव्हलपरने सुरुवातीला डीफॉल्टमध्ये दिसलं म्हणून १०.०.०.०/१६ हे पत्ते घेतले, मुख्यालयातही तेच होते, आणि दोन वर्षांनी दोन्ही जोडायची वेळ आली. लहान लहान फटकेही बसतात. ॲमेझॉनमध्ये /२८ चा सबनेट (पत्त्यांचा छोटा गट) केला तर सोळापैकी पाच पत्ते ते स्वतःकडे ठेवतं, उरतात अकरा, आणि लोड बॅलन्सर (काम अनेक सर्व्हरांत वाटणारा) वाढायला लागला की रात्री पत्ते संपतात. ॲमेझॉनचा मुंबई रिजन (डेटा सेंटरांचा समूह) २०१६ मध्ये आला, मायक्रोसॉफ्टचा पुण्यातला २०१५ मध्ये, तेव्हा आपल्याकडे या कामाला आता चांगली दहा वर्षं झाली. टेक्स्ट फाइलमध्ये नेटवर्क लिहायला आवडत असेल आणि रॅकच्या पंख्यांचा आवाज आठवून गहिवरून येत नसेल तर जा. पण राउटिंग कच्चं असताना क्लाउडमध्ये गेलेली मुलं दुसऱ्या वर्षी अडकतात, कारण तिकडेही शेवटी परतीचा रस्ता चुकलेलं पॅकेटच शोधायचं असतं.

डेटा सेंटरचा बिघाड वेगळा. तिथे ‘काहींना चालतं, काहींना नाही’ ही तक्रार येते. स्पाइन आणि लीफ, म्हणजे वरच्या आणि खालच्या थरातल्या स्विचच्या, मध्ये आठ समांतर लिंक असतात, कोणता संवाद कोणत्या लिंकवरून जाईल ते पत्ते आणि पोर्टवरून हॅश (एक ठरावीक आकडेमोड) काढून ठरतं. एका लिंकचा ऑप्टिक (फायबरमध्ये प्रकाश सोडणारा भाग) मरायला टेकलाय, मेलेला नाही. लिंक अप दिसतेय, पण त्यावर पडलेल्या आठव्या हिश्श्याच्या संवादांची पॅकेटं गळतायत. एकाच माणसाचं एक टॅब उघडतं, दुसरं नाही. इंटरफेसवरचे सीआरसी (बिघडून आलेली पॅकेटं मोजणारे) काउंटर पाहायची सवय असलेला माणूस हे पाच मिनिटांत काढतो. सवय नसलेला दोन दिवस सर्व्हरवाल्यांशी भांडतो. एआयसाठीच्या जीपीयूच्या क्लस्टरमुळे या शाखेला आता नव्याने बरे दिवस आलेत, कारण तिथे थोडीशी गळतीही कोट्यवधींची यंत्रं ताटकळत ठेवते. काम देखणं आहे, फक्त चेंज विंडो (बदल करायची ठरलेली वेळ) जवळजवळ नेहमी शनिवारी रात्री एकला असते.

वायरलेसबद्दल फार लिहीत नाही, मला ते जमलं नाही. एवढंच सांगतो की रिकाम्या गोदामात केलेला सिग्नलचा सर्व्हे माल भरल्यावर खोटा ठरतो. पाण्याच्या बाटल्यांचे खोके रॅकवर चढले की सिग्नल ते पिऊन टाकतात.

एक शाखा मात्र कुणी सुचवत नाही म्हणून मुद्दाम सविस्तर लिहितो: कारखान्याचं नेटवर्क, म्हणजे ओटी. तुम्ही लिहिलंय की आई-वडील गावी आहेत आणि पाच-सात वर्षांत तिकडे परतायचंय. वर सांगितलेल्या सगळ्या शाखा तुम्हाला नवी मुंबई, पुणे, फार तर बंगळूर-हैदराबादला बांधून ठेवतील. ओटीचं काम चाकण, वाळूज, सातपूर, कागल, अशा जिथे जिथे एमआयडीसी तिथे आहे. तिथला एक अनुभव असा: चाकणच्या एका कारखान्यात एकदा असेंब्ली लाइन अचानक थांबली. पीएलसी (मशिन चालवणारे छोटे संगणक) एकमेकांशी बोलेनात. आम्ही पोचलो तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती आणि प्लँट हेड काहीही न बोलता आमच्यामागे उभे होते. कंट्रोल पॅनलच्या तळाशी दोनशे रुपयांची पॅच कॉर्ड. इलेक्ट्रिशियनने साफसफाई करताना तिचं एक टोक लोंबताना पाहिलं आणि व्यवस्थित, काळजीने, त्याच स्विचच्या रिकाम्या पोर्टमध्ये खोचलं. स्विच साधा, लूप (फिरून स्वतःकडेच येणारी वाट) ओळखण्याची अक्कल नसलेला. झालं. ब्रॉडकास्टचं वादळ.

वायर काढायला एक सेकंद लागला. ‘हे पुन्हा होऊ नये’ म्हणून मात्र सहा महिने लागले, कारण लाइन फक्त रविवारी बंद, मशिनवरचा विंडोज एक्सपी पॅच करता येत नाही, आणि मशिन बनवणारा म्हणतो स्विच बदलला तर वॉरंटी गेली. इथे आयटीतल्यासारखं ‘रीबूट करून बघू’ चालत नाही. मेंटेनन्सच्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलावं लागतं, सेफ्टी शूज घालून तेलकट फरशीवर बसावं लागतं, प्रोफिनेट-मॉडबस या मशिनांच्या भाषा शिकाव्या लागतात. आयटी आणि मशिन दोन्ही कळणारी माणसं इतकी कमी आहेत की कोल्हापूर किंवा नाशिकला राहून चांगलं नाव कमावलेले दोन-तीन जण माझ्या ओळखीचे आहेत. त्यांचे फोन कायम व्यग्र असतात.

ऑटोमेशन मी वेगळी शाखा धरत नाही. ते आता मिठासारखं सगळीकडे लागतं. पण आधी हाताने चुका करा असं मी म्हणतो, आणि त्याला कारण आहे. २००९ च्या सुमारास एका कार्यालयाच्या स्विचवर मला ट्रंकमध्ये (अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या लिंकमध्ये) तीस नंबरचं व्हीलॅन (एकाच स्विचवरचं वेगळं आभासी नेटवर्क) वाढवायचं होतं. आज्ञा अशी लिहायची असते: ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ३०’. मी ‘ॲड’ विसरलो. त्या एका शब्दाशिवाय तिचा अर्थ होतो, ‘या ट्रंकवरून फक्त तीस जाऊ दे’. बाकीची सगळी व्हीलॅन त्याच क्षणी गेली, त्यात माझं मॅनेजमेंटचंही, त्यामुळे माझी स्वतःची स्क्रीन गोठली. तीन मजले ठप्प. कन्सोल केबल घेऊन जिन्याने धावलो, लिफ्टची वाट पाहायचं धैर्य नव्हतं. तेव्हापासून लांबच्या स्विचला हात लावायच्या आधी ‘रिलोड इन १०’ देतो. स्क्रीन गोठली तरी दहा मिनिटांनी स्विच स्वतः जुन्या कन्फिगवर परत येतो. काम नीट झालं की रिलोड रद्द करून मगच सेव्ह.

हीच चूक पायथनच्या स्क्रिप्टमध्ये असती आणि यादीत चारशे स्विच असते तर? ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकमध्ये देखभालीच्या एका आज्ञेने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारं सगळं जाळं तुटलं. अशा आज्ञा अडवणारं तपासणीचं साधन त्यांच्याकडे होतं, त्यातच बग निघाला. डीएनएस (नावावरून पत्ता सांगणाऱ्या) सर्व्हरांनी आपले बीजीपी मार्ग मागे घेतले आणि फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सहाएक तास जगातून नाहीसे झाले. त्यामुळे नेटमिको, ॲन्सिबल ही ऑटोमेशनची साधनं जरूर शिका, पण पहिलं वर्ष फक्त वाचणारी स्क्रिप्ट लिहा: सगळ्या स्विचचे सीआरसी काउंटर गोळा करणारी, कुणाचं कन्फिग सेव्ह केलेलं नाही ते सांगणारी. एनओसीत बसून तुम्ही हे याच आठवड्यात सुरू करू शकता, कुणाची परवानगी मिळत नसेल तर लॅबमध्ये. तुमच्या हातात आता जे एलवनचं (पहिल्या पायरीचं) काम आहे, अलर्ट बघून टिकीट उघडायचं, ते कमी होत जाणार हे तुम्हालाही दिसतंय. तेव्हा एनओसीत तिसरं वर्ष पूर्ण करू नका, शाखा कोणतीही घ्या.

त्या दीड लाखाच्या कोर्सचं: घेऊ नका. लॅपटॉपवरच नेटवर्क उभं करून देणारं पॅकेट ट्रेसर फुकट आहे, जीएनएस-थ्री फुकट आहे, कंटेनरलॅब आणि एफआरआर फुकट आहेत. १६ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप घ्या. त्यात दोन खोट्या इंटरनेट कंपन्या आणि एक ग्राहक उभा करा. दोन्हीकडून बीजीपी घ्या, मग स्वतःच एक फिल्टर विसरा आणि पाहा काय होतं. यूट्यूबचं २००८ चं प्रकरण तुमच्या टेबलावर पाऊण तासात घडवता येतं. परीक्षेचे डंप (फुटलेले प्रश्न) पाठ करून आलेली मुलं माझ्यासमोर रोज बसतात. दुसऱ्या प्रश्नाला ‘मग तुम्ही काय पाहिलंत?’ म्हटलं की शांतता. सीसीएनएला ३०० डॉलर लागतात आणि ते तीन वर्षंच टिकतं, तुम्हाला माहीतच आहे. पुढचं प्रमाणपत्र नव्या टीममध्ये सहा महिने घालवल्यावर ठरवा, जमलं तर त्यांच्याच पैशाने.

शुक्रवारच्या आत करता येईल असं एक काम सांगतो. तुमच्या टिकीट सिस्टिममध्ये वाचायची परवानगी असेलच. फायरवॉल टीमने बंद केलेली शेवटची पन्नास टिकिटं आणि मुख्य राउटिंग सांभाळणाऱ्या कोअर टीमची पन्नास, दोन रात्रपाळ्यांत वाचून काढा. कशी सोडवली ते झाकून, फक्त तक्रार वाचून. ज्या टिकिटाला ‘अरे, हे काय असेल?’ वाटलं त्यापुढे खूण करा. ज्याला जांभई आली ते सोडा. शंभरात कुठे खुणा जास्त पडल्या ते बघा. क्लासवाल्याच्या समुपदेशनापेक्षा हा आकडा खरा असेल, कारण तो तुमच्याच कंपनीतल्या तुमच्याच उद्याच्या कामाचा आहे.

आता शुक्रवारचं. माझा अंदाज असा आहे की तुमच्या खुणा कोअरकडे जास्त पडतील, तरी फायरवॉलची जागा लगेच नाकारू नका. रात्रपाळीने तब्येतीचं काय होतं ते मी भोगलंय, दिवसपाळी ही क्षुल्लक गोष्ट नाही. शिवाय तो एमटीयूचा बिघाड आठवा. तो घडला फायरवॉलवरच्या एका ओळीमुळे, आणि ती ओळ लिहिणाऱ्याला राउटिंगवाल्याचं डोकं असतं तर घडलाच नसता. पण मॅनेजरला भेटून विचारा: व्हीपीएन आणि फायरवॉलवरचं राउटिंग ही टीम बघते की दुसरी? ब्रिज कॉलवर पॅकेट कॅप्चर कोण काढतं? गेल्या महिन्यातल्या कामापैकी नियम टाकणं किती आणि बिघाड शोधणं किती? तिसऱ्या प्रश्नावर त्यांनी ‘जवळपास सगळं नियम टाकणंच आहे’ असं सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणा आणि त्याच दिवशी कोअर टीमच्या लीडला चहाला बोलवा, बरोबर त्या एमटीयूच्या टिकिटाचा नंबर घेऊन जा. टनेल ते बघतात, कॅप्चर ते काढतात असं म्हणाले तर दीड-दोन वर्षांसाठी घ्या. आणि रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात तो आयसीएमपी बंद करणारा नियम कुणी, कधी, कोणत्या विनंतीवरून टाकला ते शोधून काढा. सापडला तर मला कळवा, मला उत्सुकता आहे.